मदत हवी आहे: घरी बनवलेल्या योकचं हँडल जाम, रविवारच्या आत सुटायला हवं

डावा पंखा
नमस्कार मंडळी. फ्लाइट सिमसाठी (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ) फोर्स फीडबॅकवाला, म्हणजे विमानातला जोर मोटरनं हाताला जाणवून देणारा योक (विमानाचं हँडल) बनवलाय. पुढं-मागं सरकणारा भाग ड्रॉवर चॅनेलवर आहे, त्याला अजून मोटर नाही. डावी-उजवीकडं फिरणाऱ्या दांड्याला मोटर लावली आणि तेव्हापासून हँडल जाम. दोन्ही हातांनी जोर लावला तर खालची पट्टी वाकते, हँडल हलत नाही. मोटरला करंट दिला की मात्र झकास फिरतं. गेन (फीडबॅकचा जोर) शून्यावर आणला तरी तेच. सिममधून तर काहीच फीडबॅक येत नाही. रविवारी कॉलेजची पोरं बघायला येणार आहेत. ज्यानं केलंय त्यानंच सांगा, 'यूट्यूब बघ' म्हणू नका.

अल्पविराम
कुठली मोटर? कुठला बोर्ड? कुठला सिम? सप्लाय किती?

डावा पंखा
मोटर १२ व्होल्ट. सिम नेहमीचाच. बोर्डाचा प्रश्न नाही, विंडोजला फोर्स फीडबॅक डिव्हाइस म्हणून दिसतंय.

अल्पविराम
दिसतंय म्हणजे आर्डुइनो जातीचा लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो बोर्ड असणार. युनो असता तर असा सरळ दिसलाच नसता. पण 'नेहमीचा सिम' म्हणजे माझा की तुमचा?

बंजीबाबा
मोटर काढून टाका. माझा योक सायकलच्या ट्यूबवर चालतो. दोन्ही बाजूंनी पट्ट्या ताणल्या की हँडल आपोआप मध्ये येतं. आवाज नाही, वायर नाही, कोड नाही. ट्यूब तुटली तर पंक्चरवाल्याकडून दुसरी आणायची.

डावा पंखा
बाबा, ट्यूबवरचा योक आहे माझ्याकडं जुना. फोर्स फीडबॅक पाहिजे म्हणून तर हा उद्योग.
@अल्पविराम, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०.

अल्पविराम
मग सिममधून काही न येण्याचं कारण तिथंच आहे. २०२० मध्ये फोर्स फीडबॅकची सोयच नाही. एक्सपीफोर्ससारखं मधलं सॉफ्टवेअर लागतं. ते सिममधून वेग, ट्रिम (योक हात न लावता जिथं टिकतो ती जागा ठरवणारी सोय) वगैरे वाचतं आणि योकला स्प्रिंग, डॅम्पर (हालचालीला होणारा विरोध), थरथर असे इफेक्ट पाठवतं. २०२४ च्या आवृत्तीत सोय आतच दिली आहे. तुम्ही गेन शून्य करा नाहीतर शंभर, पाठवणारंच कुणी नाही. पण बिनकरंटचं हँडल जाम होणं ही वेगळी भानगड आहे. मोटरचा फोटो टाका.

सदाशिव पेठी
एवढी यातायात कशासाठी? मोझाचा एवाय२१० विकत घ्या. तयार फोर्स फीडबॅक योक आहे. वेळेचीही काही किंमत असते.

डावा पंखा
पैसे तुम्ही पाठवताय का? फोटो टाकलाय.

लेथवाला
भावा, ही टेम्पोची वायपर मोटर हाय. फोटोत गिअरचा डबा सरळ दिसतोय. तिच्या आत वर्म गिअर असतो. वर्म चाकाला फिरवतो, पण चाक वर्मला फिरवू शकत न्हाई, दातांवरचं घर्षणच अडवतं. गाडीचा स्क्रू जॅक बघ, हँडल फिरवलं की गाडी वर जाते, पण गाडीच्या वजनानं जॅक उलटा फिरत न्हाई. त्यात कोडचा काय संबंध? वायपर वाऱ्यानं हलू नये म्हणूनच ती तशी केलीया. तुला उलटी फिरणारी मोटर पाहिजे, म्हणजे हातानं ढकलली की मुकाट मागं जाणारी.
अजून एक. अशा बऱ्याच मोटरांची बॉडीच निगेटिव्ह असते. तू ड्रायव्हरनं (मोटर चालवणाऱ्या सर्किटनं) दिशा उलटी केलीस की बॉडीवर प्लस येणार, आणि फ्रेम लोखंडाची दिसतीया. सप्लायचा निगेटिव्ह फ्रेमला जोडला असशील तर ड्रायव्हर जळलाच म्हणून समज.

डावा पंखा
ड्रायव्हर बीटीएस७९६० आहे, ४३ अँपियरचा. अजून जळलेला नाही.

लेथवाला
त्यो ४३ चा आकडा कागदावरचा. एवढ्याशा हीटसिंकवर इतका करंट सतत घेऊन बघ.

टॉर्कवेडा
वायपर मोटर टाकून द्यायची गरज नाही. हँडलच्या दांड्यावर लोड सेल बसवा. हाताचा जोर मोजायचा आणि त्या जोराप्रमाणे मोटर फिरवायची. हँडल हलकं वाटतं. उद्योगातले रोबोटही असे चालवतात.

लेथवाला
रोबोटचं रिडक्शन (वेग कमी करून जोर वाढवणारा गिअर) आणि वायपरचा गिअर एकच का? या गिअरला केवढी ढिलाई असते ती हातानं हलवून बघा. मध्यावर हँडल खडखड करणार.

अल्पविराम
शिवाय लोड सेलसाठी सगळे जो एचएक्स७११ (लोड सेलचं वाचन आकड्यात बदलणारा एडीसी) घेतात तो सेकंदाला फार तर ८० वाचनं देतो. हाताला गुळगुळीत वाटायला ते फार कमी आहे. मोटर कायम हाताच्या मागं पडणार आणि हँडल हेलकावे खाणार.

टॉर्कवेडा
वेगवान एडीसी घ्या मग. अडवलंय कुणी?

डावा पंखा
मला पीएचडी करायची नाही. कुठली मोटर घेऊ ते सांगा.

लेथवाला
ई-सायकल, ई-स्कूटरच्या किटमध्ये एमवाय१०१६ येते, २४ व्होल्ट, २५० वॅट. आत गिअर न्हाई, हातानं मस्त फिरते. साधारण २६५० आरपीएमला २५० वॅट म्हणजे ०.९ न्यूटन-मीटर. एचटीडी ५एम दाती पट्टा घे, मोटरला १५ दात, दांड्याला ६० दात. चौपट झालं, साडेतीनच्या वर. हँडलची मूठ मध्यापासून १५ सेंटिमीटरवर धरली तर हाताला साधारण अडीच किलोचा जोर. एरलॉनला (विमान डावी-उजवीकडं कलवणाऱ्या अक्षाला) पुष्कळ झाला. पुढं-मागंच्या अक्षाला तर रिडक्शनच नको, त्याच १५ दाती पुलीवरून सरळ पट्टा ओढला तर साडेसात किलोच्या आसपास येतं. फक्त मोटर जागच्या जागी थांबून जोर लावती, तवा लवकर गरम हुते. करंटला कोडमध्ये मर्यादा घाल.
पुलीचं बोअर मोठं करायचं असंल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीबी अर्ध्या तासात करून देतंय.

डावा पंखा
किटबरोबर चेन आणि स्प्रॉकेट येतं. तेच वापरलं तर? पट्टा, पुली वेगळा खर्च.

लेथवाला
चेनला ढील असती. दिशा बदलली की मध्यावर कटकट वाजणार. पट्टाच घे.

हँगर काका
मी सेसना १७२ ची देखभाल केली आहे, म्हणून थोडं. त्या विमानात योकपासून कंट्रोल सरफेसपर्यंत (पंख-शेपटीवरच्या हलत्या फळ्यांपर्यंत) केबल आणि पुली आहेत, मध्ये हायड्रॉलिक नाही. विमान उभं असताना एलेव्हेटर (शेपटीवरची आडवी फळी) स्वतःच्या वजनानं खाली लोंबतो आणि योक पॅनेलकडं सरकतो. वेग दुप्पट झाला की हवेचा दाब चौपट, म्हणून हातातला भार वाढतो. आणि ट्रिम फिरवलं की योक जिथं सैल वाटतो ती जागाच सरकते. बंजीबाबांच्या ट्यूबला मध्य एकच. त्यात ट्रिमची मजा येणार कुठून?

बंजीबाबा
एअरबस ए३२० ची साइडस्टिकही (बाजूची छोटी दांडी) स्प्रिंगवरच आहे. त्यात वैमानिकांना फीडबॅक मिळत नाही, तरी जग उडतंय.

हँगर काका
मग साइडस्टिक बनवा. योकच्या धाग्यावर का?

मधली आळी
कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा उलगडून बघून इथंच सिनेमाचा कॅमेरा बनवला होता, शंभर वर्षं होऊन गेली. आणि उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा, राजाराम महाराजांच्या काळातला.

रडरप्रेमी
योक झाला की पेडल्सचं बघा. दरवाजाच्या बिजागऱ्या, दोन प्लायवूडचे तुकडे आणि १० के चा पोटेन्शियोमीटर (किती फिरलं ते मोजणारा). मापं व्यनि (खाजगी निरोप) करतो.

डावा पंखा
पेडल्स विचारले नाहीत. विमानतळही नाही. पोटेन्शियोमीटरवरून आठवलं, तोच लावलाय दांड्याला. चालेल ना?

अल्पविराम
चालेल, पण करकरेल. तुमचं हँडल १८० अंश फिरतं, पोट ३०० अंशांचा. म्हणजे १०२४ पैकी सहाशेच पायऱ्या वापरात, आणि त्यातही वाचन उड्या मारतं. डॅम्परचा इफेक्ट वेगावर चालतो, वाचन उडालं की वेग खोटा दिसतो आणि मोटर गुरगुरते. एएस५६०० सेन्सर घ्या, चुंबकावर चालतो, फेऱ्याला ४०९६ पायऱ्या. आणि पीडब्ल्यूएम (मोटरचा करंट चालू-बंद करायचा वेग) २० किलोहर्ट्झपर्यंत न्या, नाहीतर मोटर शिट्टी घालत बसेल.

हँगर काका
मोटरचा सप्लाय तोडणारं लाल बटण हाताजवळ ठेवा. यूएसबी उपटून मोटर थांबेलच असं नाही, अडकलेला शेवटचा हुकूम ती पाळत राहू शकते. पोरांची बोटं असतील तिथं.

अल्पविराम
बरोबर. शिवाय हँडल जोरात ओढलं की मोटर डायनॅमो होते आणि व्होल्टेज उलटं सप्लायमध्ये जातं. काही एसएमपीएस (पॉवर सप्लाय) तेवढ्यानं ट्रिप होतात. ट्रिप झाला तर ब्रेक रेझिस्टर (ती जादा वीज जिरवणारा) लावावा लागेल.

डावा पंखा
ठीक आहे. एमवाय१०१६ मागवतोय, पट्टा आणि पुली लक्ष्मीपुरीत बघतो. रविवारी पोरांना मोटर सोडवून नुसतंच हँडल फिरवायला देतो. वायपर मोटर कुणाला पाहिजे असेल तर सांगा, चालू आहे.

मधली आळी
मला द्या. गोठ्याच्या वरच्या झडपेला लावतो. लाइट गेली तरी झडप अर्ध्यात पडायला नको.

लेथवाला
तिथं फिट बसंल. बॉडीचं मात्र बघ, पत्र्याला टेकवू नकोस.