मदत हवी आहे: ड्युटीवर कोणता मल्टिटूल (पक्कड, पातं, स्क्रूड्रायव्हर एकत्र असलेलं घडीचं साधन) बाळगता?

मी सुरक्षा अधिकारी आहे, बहुतेक रात्रपाळी असते. कमरेच्या पट्ट्यावर टॉर्च, वायरलेस, हातमोजे आणि प्रथमोपचाराचं पाकीट आधीच आहे. लेदरमन वेव्ह प्लस हा मल्टिटूल साधारण 241 ग्रॅमचा. धावताना, जिने चढताना तेवढंही जाणवतं.

रोजची कामं साधीच. बिजागरीचा सैल स्क्रू, कुंपणाची सुटलेली तार, खोक्यांच्या पट्ट्या. पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर पुरतो.

माझी काळजी अपघाताची आहे. गाडीत माणूस अडकला असेल तर त्याच्या अंगालगतचा सीटबेल्ट टोकदार पात्याने कापायचं मला धाडस होत नाही. व्हिक्टोरिनॉक्स रेस्क्यूटूल या घडीच्या चाकूमध्ये बेल्ट कापायचं वेगळं पातं आहे, बाजूची काच फोडायचं टोक आहे, शिवाय काच कापायची करवतही. (समोरची काच लॅमिनेटेड असते, फोडली तरी जागेवरच चिकटून राहते. म्हणून करवत मला फार मोलाची वाटते.) पण त्यात पक्कड नाही!

मग दोन वेगळी साधनं ठेवावीत का? हातमोजे घालून, अंधारात, एका हाताने खरोखर उघडतं असं कोणतं? कारण दुसऱ्या हातात टॉर्च असतेच. पात्याला लॉक हवंच, नाहीतर जोर लावताना बोटावर मिटायचं.

पोलीस दलातले कोणी असतील तर हेही सांगा: पातं असलेलं साधन बाळगायला तुम्ही वरिष्ठांची लेखी परवानगी घेता का? आणि पाउच पट्ट्यावर नेमका कुठे लावता? झटापटीत समोरच्याचा हात तिथे पोचू नये, एवढंच मला हवंय.