सोलर घालू की गोबर गॅस? खानापूरच्या पावसात टिकणारं सांगा की

मंडळी नमस्कार. घर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. पुढं जुनी मंगळुरी कौलं, मागं न्हाणी-गोठ्यावर मिळून ३०० चौरस फुटांचा स्लॅब. माणसं सहा, म्हशी तीन.

महिन्याला ९०-१०० युनिट जळतात, कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळे बिल शून्य. शेजारचे काका हसतात, "फुकट करंट सोडून सोलर कशाला रे घालतोस?" पण तो फुकटचा करंट असायला तर हवा! मिरग लागल्यापासून गणपतीपर्यंत कुठंतरी तारेवर फांदी पडते आणि दोन-दोन दिवस अंधार. पोरीची यंदा एसएसएलसी, म्हणजे दहावी.

एका विक्रेत्यानं ३ किलोवॅटचं कोटेशन दिलं. सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये सबसिडी बसते म्हणाला. करंट गेल्यावर चालेल काय विचारलं तर, "चालतंय की!" तेच पाहुण्यांच्या घरी बसवलंय, गावाचा करंट गेला की त्यांचाही जातो. लाइनमन तारेवर असताना आपल्या घरातून उलटा करंट जाऊ नये म्हणून ऑन-ग्रिड, म्हणजे गावच्या लाईनला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, हे मला त्यांच्या अंधारात बसून कळलं.

पवनचक्कीचाही विचार केला होता. पण वारा निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते, आणि आमच्याकडं चारी बाजूंनी झाडी. ती गदगकडच्या उघड्या माळावरच शोभते.

गोबर गॅस जमेल काय? २ घनमीटरच्या प्लँटला रोज ५० किलो शेण लागतं म्हणे. म्हशी चरायला जातात, गोठ्यात जेमतेम ४० किलो सापडतं.

निपाणीहून एक:
दादा, तुमचे प्रश्न दोन आहेत, एकाच यंत्रात कोंबू नका. उजेडाला १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी, साधा इन्व्हर्टर आणि एक-दोन पॅनेल पुरेत. चार एलईडी, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आणि वायफाय मिळून १०० वॉटच्या आसपास. दहा तासांना एक युनिट. बोअरची मोटर त्यावर लावायची नाही, टाकी आधीच भरून ठेवायची. आणि उन्हाळ्यात १ किलोवॅटमागं दिवसाला चारेक युनिट मिळतात, तो हिशेब आषाढात धरू नका. पावसात बॅटरी मुख्यतः लाईनवरच भरणार, पॅनेल दुसऱ्या दिवसाच्या आधाराला.

गॅसचं म्हणाल तर ४० किलोला दीड घनमीटर मिळतो. सकाळचा चहा, भात, आमटी निघते. भाकरी चुलीवरच. थंडीत गॅस कमी पडतो, तेवढं वैनींना आधी सांगा, नाहीतर तुमचं काही खरं नाही.

धागाकर्ता:
हे पटलं. मोठ्या सोलरचा नाद सोडला. एकच अडचण राहिली: स्लॅबच्या पश्चिमेला कापा फणस आहे, तीननंतर सावली येते. विक्रेता म्हणतो झाड काढा, आबा म्हणतात पॅनेल काढ. कौलांवर बसवायचं तर वासे जुने, शिवाय माकडं. परड्यात लोखंडी खांबांवर, दक्षिणेला तोंड करून कोणी पॅनेल बसवलंय काय? खांब किती उंच घेतला, आणि जूनच्या वाऱ्याला टिकला काय?