सफेद मुसळी: रिपोर्टात सॅपोनिन ३ टक्के, माल हलका समजायचा का?

तापीकाठ, शहादा
राम राम मंडळी. सातपुड्यातल्या बेण्याची सफेद मुसळी (औषधी मुळी) आहे, सोलून वाळवलेली. प्रयोगशाळेचा रिपोर्ट असा: कार्बोहायड्रेट ४२, प्रथिनं ८.५, तंतू ४, सॅपोनिन (पाण्यात फेस आणणारं द्रव्य) ३ टक्के. व्यापारी म्हणतो सॅपोनिन कमी आहे. त्यात माल पिवळसर पडलाय, बोटांना चिकटतो. चुकलं कुठे?

मुळीपारखी, चोपडा
भाऊ, आधी रिपोर्टात सॅपोनिन कोणत्या पद्धतीनं मोजलंय ते बघा. मुसळीत सॅपोनिन २ ते १७ टक्के असं छापलेलं सापडतं. एवढा फरक नुसत्या मातीचा नाही. ब्युटेनॉल या द्रावकात उतरवून वजन केलं की सोबत आलेली इतर द्रव्यंही त्यातच धरली जातात आणि आकडा फुगतो. पद्धत एकच नसेल तर दोन रिपोर्ट शेजारी ठेवू नका.

फेसावरून अंदाज घेता येतो. १ ग्रॅम भुकटी १०० मिली पाण्यात ३० मिनिटं मंद उकळा, गाळा, पुन्हा १०० मिली करा. दहा सारख्या नळ्यांत १, २, ३ असं १० मिलीपर्यंत घाला, प्रत्येकीत पाण्यानं १० मिली भरा. सेकंदाला दोनदा, १५ सेकंद हलवा, १५ मिनिटं ठेवा. ज्या नळीत फेस १ सेंमी उरला, तिच्यातल्या काढ्याच्या मिलीनं १००० ला भागा. हा फेसांक. टक्केवारी नव्हे, पण आपल्याच दोन लॉटची तुलना चोख होते.

सातपुडा पायथा, यावल
चिकटपणाचं कारण वेगळं. मुसळीच्या कार्बोहायड्रेटमध्ये फ्रुक्टॅन (फळसाखरेच्या साखळ्यांचा पदार्थ) बराच असतो, तो हवेतलं पाणी ओढतो. मुळी वाकवा: कट्‌कन तुटली तर ठीक, वाकली तर ओल आहे. पुन्हा कडक वाळवा, गार झाल्यावरच हवाबंद पिशवीत भरा. गरम भरलं की आत घाम सुटतो, मग बुरशी. ५ किलो ओल्याची साधारण १ किलो सुकी उतरते. याहून जास्त भरली तर ओल राहिली समजा.

काढणी कधी केली? पानं वाळून पडली की लगेच खणू नका. सालीचा रंग गडद तपकिरी होईपर्यंत मुळ्या जमिनीतच राहू द्या. आणि खणल्यावर ओली असतानाच सोला, साल एकदा वाळली की गराला चिकटते.

तापीकाठ, शहादा
पानं पडल्यावर आठवड्यातच खणली, साल फिकट होती. भुकटीत मैदा असल्याचाही संशय घेतात.

मुळीपारखी, चोपडा
मग कच्चीच निघाली. मैद्यासाठी भुकटी पाण्यात उकळून गार करा, आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर मैद्यासारखा स्टार्च मिसळलाय.