लीप सेकंदांच्या फाइलचा एसएचए-१ जुळत नाही

प्रश्न: एनटीपी (नेटवर्कवरून संगणकांची घड्याळं जुळवणारी पद्धत) सर्व्हरसाठी लीप सेकंदांची (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला घड्याळात घातलेल्या जादा सेकंदांची) यादी डाउनलोड केली. त्यात ‘#एच’ ओळीवर एसएचए-१ पद्धतीचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) दिलाय, पण अख्ख्या फाइलचा काढला तर भलताच येतो. फाइल खराब आहे का?

उत्तर: फाइल धडधाकट आहे हो. अख्ख्या फाइलचा हॅश काढायचाच नसतो. ‘#$’ म्हणजे शेवटचा बदल, ‘#@’ म्हणजे मुदत. या दोन ओळींतले आकडे घ्या, मग प्रत्येक नोंदीतले दोन्ही आकडे, मधे जागा न सोडता सलग. २०१७ ची शेवटची नोंद ‘३६९२२१७६०० ३७’ आहे, ती ‘३६९२२१७६००३७’ अशी जाते. पुढची तारखेची टीप वगळा. एको कमांड शेवटी नवी ओळ जोडते, म्हणून प्रिंटएफ वापरा.

प्रश्नकर्ता: हॅशच्या पाच गटांपैकी चार जुळले! पाचवा माझ्याकडे शून्याने सुरू होतो, फाइलमध्ये मात्र सातच अक्षरं.

उत्तर: गटाच्या सुरुवातीचं शून्य काही फाइलींत गाळलेलं असतं. आठ अक्षरं होईपर्यंत डावीकडे शून्य भरा, जुळेल. आणि एक कळकळीने सांगतो: हा हॅश फक्त मोडतोड पकडतो. कुणी मुद्दाम आकडे बदलून हॅशही नवा लिहिला, तर तो बिनबोभाट जुळेल. फाइल एचटीटीपीएसवरूनच घ्या, ‘#@’ची मुदतही तपासा.