मालवणची जुनी जेट स्की घ्यायची म्हणतोय, सीट पार फाटलीय. बेळगावात करून मिळेल काय?

अनगोळचा_भावड्या

नमस्कार मंडळी. मेव्हण्याचं तारकर्लीला होमस्टे आहे, त्याच्या ओळखीत एकजण यामाहा व्हीएक्स ११० विकायलाय, २००७ चं मॉडेल, चार स्ट्रोक. अडीच लाख म्हणतोय, दोनपर्यंत येईल असं वाटतंय. गेल्या आठवड्यात जाऊन बघून आलो. इंजिन चालू करून दाखवला, आवाज बरा वाटला, पण वरून बघायला गेलं तर अवतार झालाय. सीटचं रेग्झिन मधोमध उभं फाटलंय, आतला फोम पिवळा पडून चुरा व्हायलाय आणि दाबला की पाणी येतंय. बॉडीवर ओरखडे, रंग उडालेला, आरशाची एक बाजू नाही.

माझं उद्यमबागला छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, वेल्डिंग, लेथ सगळं हाताशी, त्यामुळे आणून निवांत दुरुस्त करूया असा विचार. पण सीटचं काम मला येत नाही. इथला बुलेटचे सीट करणारा एक म्हणाला आठशे रुपयात कव्हर शिवून देतो, नवीन सीट बाहेरून मागवली तर मेव्हणा बेशुद्धच पडेल एवढी किंमत सांगायलेत. तर आठशेचं कव्हर टिकेल काय, का वेगळं काही करायला लागतं? आणि मशीन घेताना अजून काय बघू? माहिती असलेल्यांनी सांगा की.

निपाणीकर_७१

भावा आधी एक सांग, ही चालवणार कुठं? मेव्हण्याकडं पाठवणार का बेळगावातच ठेवणार? कारण दुरुस्त झाल्यावर ट्रायल म्हणून राकसकोपला घेऊन जाशील तर गावचं पिण्याचं पाणी आहे ते, लोक पाठ सोलतील. हिडकलला पण नीरावरी निगमच्या परवानगीशिवाय नको, धरण त्यांच्या ताब्यात आहे.

अनगोळचा_भावड्या

नाही नाही, शेवटी तारकर्लीलाच जाणार. इथं फक्त दुरुस्ती. ट्रायलला मामाच्या शेततळ्यात टाकूया म्हणत होतो, कडोलीला आहे.

निपाणीकर_७१

शेततळ्यात?? अरे खाली प्लास्टिकचा कागद असतोय की त्यात. जेटचा पंप पोटाखालून पाणी ओढतो, काठाला कागद सैल असला तर सरळ आत. मामा कागदाचे पैसे घेतील आणि इंपेलर, म्हणजे पंपातला पाणी ढकलणारा पंखा, जाईल ते वेगळं. यामाहावालेच म्हणतात मशीनच्या पोटाखाली निदान ६० सेंटीमीटर पाणी पाहिजे म्हणून, नाहीतर खडे, वाळू, शेवाळ सगळं ओढून घेतंय.

तारकर्ली_किनारा

मी ह्याच धंद्यात आहे म्हणून लिहितो. मे संपत आला की आमच्याकडे वॉटर स्पोर्ट बंद होतात, मग तीनेक महिने मशीन शेडमध्ये पडून राहणार, त्यामुळे ज्याला काढायची असते तो तेव्हाच काढतो. भाव तेव्हा पडतो हे खरं पण कुठली मशीन निघते तेही बघ, चांगली मशीन कोण सुखासुखी विकत नाही. किनाऱ्यावर भाड्याने चाललेली मशीन म्हणजे दर पाच मिनिटांनी नवा माणूस आणि प्रत्येकाचा अंगठा थ्रॉटलवर पूर्ण दाबलेला. मीटरवरचे तास बघ, आणि कोणाकडे यामाहाचं डायग्नॉस्टिक असेल तर लॅपटॉप जोडून तास आणि जुने एरर दोन्ही दिसतात.

इंजिन चालू करून दाखवला म्हणतोस, तो गरम होता की थंड? मी जातो तेव्हा आधी सीट उचलून इंजिनवर हात ठेवतो. गरम असेल तर तू यायच्या आधीच त्याने चालू करून ठेवलंय, म्हणजे इंजिन थंड असताना उठत नसणार. मग ऑइलची काडी काढून बघ, दुधाळ, चहासारखा रंग दिसला तर पाणी गेलंय, पाठ फिरवून ये. ऑइल खुणेच्या वर भरलेलं असेल तरी ह्या इंजिनात ते एअरबॉक्सकडे (इंजिनात हवा जाते तो डबा) फेकलं जातं, तिथे तेलकट दिसतंय का तेही बघ.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने घ्यायचंच. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून. आकडा किती आला त्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिन उघडावं लागणार असं धरून भाव कर. व्हीएक्सला समुद्राचंच पाणी इंजिनातून फिरून थंड करतं, सीडू कंपनीच्या चार स्ट्रोकला बंद कूलंट असतं तसं इथे नाही. म्हणजे मालकाने रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतली नसेल तर आतल्या वाटा मिठाने बुजतात. चालू असताना बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार येते ती जोरात आहे की नुसती ठिबकते ते बघून घे.

होजपाइप लावून चालवताना क्रम सांभाळ, हे खूप जणांना माहीत नसतं. आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग पंधरा सेकंदांच्या आत इंजिन. उलटं केलंस तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये चढतं आणि मग स्टार्टर मारला की रॉड वाकतो.

मागे हलवर (पाण्यात बसणारी खालची बॉडी) बारा अक्षरांचा नंबर कोरलेला असतो तो कागदाशी जुळतो का बघ. इम्पोर्टचे कागद नसलेल्या मशीन खूप फिरतात आणि तुझ्या मेव्हण्याला पुढे मेरिटाइम बोर्डाकडे जावंच लागणार, पर्यटक बसवायचे म्हणजे परवाना, विमा, लाइफगार्ड सगळं आलं. कागद नसेल तर मशीन फुकट दिली तरी नको रे बाबा.

शहापूर_सीटवर्क

मी सीटचंच काम करतोय, बाइक, कार, ट्रॅक्टर, आणि गोव्याच्या दोन-तीन बोटवाल्यांचे पण सीट येत असतात माझ्याकडं चोर्ला घाटातून. आठशेचं कव्हर टिकेल काय विचारलाय तर सरळ सांगतो, एक पावसाळा. त्या बिचाऱ्याची चूक नाही, बुलेटला तेच चालतंय. पाण्यातली सीट वेगळी.

रेग्झिनचं आधी बोलूया. आपण नेहमी वापरतोय त्याला पाठीमागं सुती कापड असतंय, ते भिजून कुजतंय आणि वरचा थर उन्हानं कडक होऊन चिरतोय. मरीन व्हिनिल म्हणून वेगळं मिळतंय, पाठ पॉलिएस्टरची, उन्हाचं आणि बुरशीचं औषध आतच असतंय. बेळगावात सगळ्याच दुकानात नसतंय, मी मुंबईहून मागवतो, साध्याच्या तीन-चार पट भाव पडतो. दुकानदार मरीन म्हणून साधंच गळ्यात मारतात, तेव्हा पाठीमागचा एक धागा ओढून पेटवून बघा, सुती असेल तर कागदागत जळून राख होतंय, पॉलिएस्टर वितळून गोळी होतंय.

दोरा बाँडेड पॉलिएस्टर पाहिजे. सुती तर नकोच, नायलॉन ओढायला मजबूत पण उन्हात लवकर जातंय. टाका चार-पाच मिलीचा. हौसेनं लई बारीक टाके घातला की पोस्टाच्या तिकिटागत तिथंच फाटतंय. आणि बसायच्या जागेवर, जिथं पाणी साचतंय, तिथं शिवण येऊ देऊ नका. ओरिजिनल डिझाइनला तिथं शिवण असली तर मी डिझाइन बदलतो आणि गिऱ्हाइकाला पटवतो. शिवणीला आतून सीम टेप मारायची.

आता फोम. तुम्ही म्हणताय दाबला की पाणी येतंय, म्हणजे फाटून बरेच दिवस झालेत. कव्हर काढून, फोम सावलीत पंख्याखाली सीटचं नाक खाली करून उभा ठेवा, पाणी खाली उतरतंय, तरी आठवडा लागतोय कधी कधी. उन्हात टाकू नका, पिवळा पडलेला फोम अजून चुरतोय. वाळल्यावर वरचा चुरा होणारा थर कापून टाकायचा आणि तेवढाच नवीन चिकटवायचा, खालचा चांगला असेल तर सगळं बदलायची गरज नाही, आकार ओरिजिनल राहतोय. ४० डेन्सिटीचा एचआर फोम घ्या, दाबला तरी परत उसळणारा. रिबाँड, म्हणजे रंगीबेरंगी तुकड्यांचा दाबलेला असतोय तो, लोक कडक आहे म्हणून घेतात पण त्यात गेलेलं पाणी बाहेर येतच नाही. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८, दोन्ही बाजूला पातळ हात, वाळू द्या आणि मग एकदाच बसवा. जास्त लावला तर तिथं कडक रेघ होते ती बसल्यावर टोचते. आकार द्यायला ग्राइंडरला सँडिंग डिस्क लावून हळू हळू उतरवायचं, तोंडाला मास्क बांधून.

जुनं कव्हर फेकू नका. सगळ्या शिवणी ब्लेडनं उसवून तुकड्यांवर नंबर आणि पुढची बाजू मार्करनं लिहून ठेवा, तोच कटिंगचा नमुना. पण तो वर्षानुवर्षं ताणलेला असतोय, तसाच ठेवून कापला की नवीन कव्हर ढिलं होतंय, त्यामुळे मी चारी बाजूनं थोडं आत घेऊन कापतो. किती आत ते रेग्झिन किती ताणतंय त्यावर, हे हातालाच कळतंय.

स्टेपल स्टेनलेसचेच. चुंबक लावून बघा, गच्च चिकटला तर लोखंड. पायाची लांबी ६ मिली, कारण खालचा बेस पातळ प्लास्टिकचा असतोय, १० मिलीचं मारलं तर आरपार. आणि जुन्या भोकातच परत मारू नका, बाजूला सरकून मारा. आधी नाक, मग शेपूट, मग मधून दोन्ही बाजूला एक इकडं एक तिकडं. हीट गन नसेल तर कव्हर अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ पडतंय, सुरकुती राहत नाही.

रंग काळा घेऊ नका एवढंच म्हणतो. मालवणच्या उन्हात हाफ चड्डीवर बसणाऱ्याला विचारा.

खानापूर_घाटमाथा

फोम आणि रेग्झिनच्या मधे प्लास्टिकचा कागद घालायचा ना? मी जुन्या कायनेटिकच्या सीटला घातलोय, फोम कोरडा ठणठणीत.

शहापूर_सीटवर्क

बाइकला चालतंय. इथं पाणी शिवणीतून, खालून स्टेपलच्या भोकातून जाणारच, आणि कागद घातला की आत गेलेलं वर उडून जायला वाट नाही. बेसला खाली निचऱ्याची भोकं असतात ती साफ ठेवली तर पुरे. घालणारे घालतात, मी घालत नाही.

तारकर्ली_किनारा

आम्ही घालतो. इथे सीट दिवसभर ओलीच असते, वाळायला वेळ मिळतोच कुठे, मग कागद नसेल तर फोम सगळं पितो आणि संध्याकाळी सीट उचलताना दुप्पट जड लागते. ज्याचं त्याने ठरवावं.

पण एक गोष्ट सीटवाल्या मामांनी लिहिली नाही. कव्हरपेक्षा सीटच्या खालची रबराची पट्टी बघ. तिथून पाणी थेट इंजिनवर उतरतं. सीट बसवून लॉक लावल्यावर हलत असेल तर पट्टी दबलेली आहे किंवा लॉक झिजलंय. फोममध्ये इतकं पाणी असणाऱ्याने पट्टी बदलली असेल असं मला वाटत नाही, म्हणजे खाली वायरिंगच्या कनेक्टरला हिरवं चढलेलं असणार. सीट उचलशील तेव्हा स्टार्टर रिले आणि फ्यूज बॉक्स उघडून बघ. फाटक्या सीटचं काय, दहा हजारात नवी होईल. तिच्यामुळे आत काय झालंय त्याचे पैसे मोजून भाव पाड.

निपाणीकर_७१

आणि पंप. इंपेलर आणि त्याच्या भोवतीच्या रिंगची फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघ, अर्ध्या मिलीच्या आत असेल तर उत्तम, एक मिलीकडं गेली तर आरपीएम चढतंय आणि मशीन जाग्यावरच. वाळूत चालवलेल्या मशीनची पाती दाताळलेली असतात. तुझ्याकडं लेथ आहे म्हणजे निम्मं टेन्शन गेलं, उद्यमबागात स्टेनलेसची पाती टिग वेल्डिंगनं भरून घासून बॅलन्स करून देणारे मिळतीलच, बॅलन्स मात्र नीट करून घे नाहीतर शाफ्टचं बेअरिंग खातंय. माझ्याकडं मित्राची जुनी दोन स्ट्रोक सीडू होती तिची प्लास्टिकची रिंग आम्ही इथंच टर्न करून घातलो. कुणी नायलॉन सुचवेल, ते पाणी पिऊन फुगतंय आणि इंपेलर जाम होतोय, डेल्रिन नावाचं कडक प्लास्टिक घ्यायचं. तुझ्या यामाहाला स्टीलची लायनर आहे, तुला ते लागणार नाही, पण कुणीतरी वाचेल म्हणून लिहितोय.

बॉडीचं पण एक. ओरखडे नुसते वरचे असले तर पॉलिश पेपर आणि रंग. पण बोटानं ठोकत जा, जिथं आवाज बद्द येतोय तिथं आत पाणी किंवा थर सुटलाय. यामाहाची ही बॉडी साच्यात दाबून केलेल्या एसएमसीची (एक प्रकारचं फायबर) असते, आपल्याकडं टाक्या, दरवाजे करणारे पॉलिएस्टर रेझिन लावून देतात ते ह्याला नीट धरत नाही, इपॉक्सी लावायला सांग.

अनगोळचा_भावड्या

सगळ्यांना धन्यवाद, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. इंजिनवर हात ठेवून बघायचं डोक्यातच आलं नाही, आता आठवतंय की आम्ही पोचलो तेव्हा ती होजपाइपला जोडूनच होती, म्हणजे आधी चालवलीच असणार. मेव्हण्याला फोन करून सांगितलोय की कागद आणि हलचा नंबर याचा फोटो आधी पाठवायला सांग, त्याशिवाय ॲडव्हान्स नको. रविवारी कॉम्प्रेशन गेज आणि फीलर गेज घेऊन आंबोलीवरून उतरतोय.

शहापूरच्या मामांना, मशीन घेतली तर सीट तुमच्याकडंच घेऊन येतो, राखाडी रंगात करूया. आणि एक, बोलेरो पिकअपमधून घाट चढवायची म्हणजे काही काळजी? तीनशेच्या वर किलो आहे ती.

तारकर्ली_किनारा

मागचे दोन्ही ड्रेन प्लग काढून आतलं पाणी पूर्ण उतरव, पेट्रोल काढून घे, बॅटरीची वायर सोड. खाली जुने टायर टाक, पट्टा हँडलला बांधू नको, पुढच्या आणि मागच्या कड्यांनाच बांध. सीट काढून केबिनमध्ये घे, घाटात वाऱ्याने उडालेली सीट मी पाहिलीय.

शहापूर_सीटवर्क

राखाडीचा एक रोल आहे माझ्याकडं शिल्लक. सोमवारी दुकान बंद असतंय, मंगळवारी आणा.