मालक बदलला तर श्रोत्याला काय फरक पडतो? पडतो!

मध्यमलहर
परवा याच चर्चामंचावर एकाने लिहिलं: "एफएम स्टेशन विकलं गेलं म्हणून गळे कशाला काढताय? नाव तेच, गाणी तीच. मालक कोण हे श्रोत्याला कळतसुद्धा नाही." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

मला कळलं. आमचं स्टेशन विकलं गेल्यावर तिसऱ्या महिन्यात कळलं. सकाळी सातला एक बाई आमच्या पुलावर किती गर्दी आहे, कुठल्या भागात पाणी उशिरा येणार, हे सांगायच्या. एक दिवस त्यांच्या जागी भलत्याच शहरातून येणारा आवाज. त्याला आमचा पूल माहीत नाही. "गाडी जपून चालवा," एवढंच तो सांगतो.

2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्याकडे वीज गेली, मोबाइलचं नेटवर्कही गेलं. सेलवरच्या रेडिओवर त्याच स्टेशनचा एक मुलगा रात्रभर बोलत होता. कुठला रस्ता बंद, पाणी किती चढलं, होड्या कुठे आल्यात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. पण आपत्ती, हवामान, पाणी, वीज, वाहतूक यांची माहिती द्यायला सरकारच्या एफएम परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे 2011 च्या, धोरणात मुभा आहे. तेवढ्या मुभेवर त्या पोराने आम्हाला धीर दिला. आता रात्री दहानंतर स्टुडिओत माणूस नसतो, कॉम्प्युटर गाणी लावतो. पुढच्या पुरात कोण बोलणार?

हिशेबनीस
ती पोस्ट माझी होती आणि मी एक शब्दही मागे घेत नाही. बारा वर्षं रेडिओच्या जाहिराती विकल्यात. तुमच्या लाडक्या जुन्या मालकाने शेवटचे काही महिने पगार थकवले होते, हे त्या बाई माइकवर सांगत नव्हत्या.

रेडिओ हा धंदा पहिल्यापासून तोट्याशी झगडतोय. 1927 च्या जुलैमध्ये मुंबई केंद्र सुरू झालं ते खासगी कंपनीचं. 1930 मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने केंद्र ताब्यात घेतलं. खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढायचं, कित्येकांनी परवाने परत केले. 2005 मध्ये दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नाच्या 4 टक्क्यांचं सूत्र आलं तेव्हा कुठे लोकांनी श्वास घेतला. नवा मालक आला नसता तर तुमच्या बँडवर नुसती खरखर ऐकू आली असती. एका जागेहून अनेक शहरांत कार्यक्रम लावायची देशभर मोकळीकही 2011 च्या धोरणाने दिली, नव्या मालकाने नाही.

मध्यमलहर
मोकळीक दिली, सक्ती नाही केली. जुन्या मालकालाही ती होतीच की! त्याने बाईंना काढलं नव्हतं.

तारसप्तक
मालकाचं सोडा. मराठी गाणी कुठे गेली ते बोला. आमच्याकडे सकाळी सहा ते सात मराठी, मग दिवसभर हिंदी. ऐकणारा मराठी, निवेदक मराठी, जाहिरातीतला दुकानदार मराठी, आणि गाणं तेवढं हिंदी!

हिशेबनीस
कारण एजन्सी एका शहरासाठी जाहिरात देत नाही, पंचवीस-तीस शहरं एकगठ्ठा घेते. तिला सगळीकडे एकसारखा कार्यक्रम लागतो. मराठी गाणी लावली की श्रोते घटतात.

तारसप्तक
घटतात कशावरून? कुणी मोजलं? वर्षभर लावून पाहा आणि मग सांगा. आणि मराठी गाणी महाग पडतात ही थापही आता पुरे. 2010 मध्ये कॉपीराइट मंडळाने रेडिओसाठी निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या 2 टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) ठरवून दिलं, त्यात भाषेचा भेद नव्हता.

हिशेबनीस
महाग पडतात असं मी कुठे म्हटलं? माझ्या तोंडी वाक्यं घालू नका.

पाटावरवंटा
तारसप्तक, एवढा पुळका आहे तर आकाशवाणी लावा. तिथे भावगीतं, नाट्यगीतं, लोकसंगीत सगळं आहे. माझे वडील मरेपर्यंत तेवढंच ऐकायचे.

तारसप्तक
मराठी माणसाने मराठी ऐकायचं तर सरकारी केंद्रावरच का जायचं? आणि सरकार काय सांभाळतंय? 2023 च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायला निघाले होते. ओरड झाली म्हणून निर्णय थांबवला. ओरडलं की थांबतं. इथे मात्र ओरडणाऱ्यालाच गप्प करताय.

पाटावरवंटा
गप्प कुणी केलं? विषय मालकीचा आहे, दर धाग्यावर तुमचं एकच पालुपद.

तारसप्तक
मालकीचाच विषय आहे! गाणं कुठलं लावायचं हे मालक ठरवतो. तुम्हाला एवढं साधं दिसत नसेल तर माझा नाइलाज आहे.

रात्रपाळी
भांडण थांबवा, जरा माझं ऐका. मी अशाच एका स्टेशनवर रात्रीचा निवेदक होतो. हिशेबनीस पगाराबद्दल खरं बोलताहेत, हे मला कबूल करावं लागतं. आमचे चार महिने थकले होते, ते नव्या मालकाने दिले. त्याचे उपकार मी नाकारत नाही.

पण एका शुक्रवारी सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. मी सामान आवरताना विचारलं, जुन्या रेकॉर्डिंगचं काय? नऊ वर्षांच्या मुलाखती होत्या. ओव्या म्हणणाऱ्या आज्या, तमाशातले ढोलकीवाले, गावातले जुने पैलवान. यातले बरेच आता हयात नाहीत. उत्तर मिळालं, "सर्व्हर बदलतोय, जागा नाही." खरेदीच्या यादीत ट्रान्समिटर होता, फर्निचर होतं, अगदी एसीसुद्धा होते. आवाज नव्हते. माझी नोकरी गेली त्याचं दुःख ओसरलं. हे ओसरत नाही.

कलम_पोटकलम
मालकी बदलायला माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते, हे इथे कुणीच बोललं नाही. 2019 मध्ये बिग एफएमचा एका मोठ्या समूहाशी व्यवहार जाहीर झाला होता, तो तडीला गेलाच नाही. पुढे कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण परवानगी देताना मंत्रालय भागभांडवल बघतं. रात्री स्टुडिओत कोण बसणार, जुनं ध्वनिमुद्रण कुठे जाणार, हे विचारत नाही. विचारायला हवं. शिवाय दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात आलेल्या स्टेशनांच्या परवान्याची पंधरा वर्षं 1 एप्रिल 2015 पासून मोजली जातात. म्हणजे नवा मालक हाती उरलेली थोडी वर्षंच विकत घेतो. तो निवेदक कशाला घडवेल?

हिशेबनीस
मुदतीचा मुद्दा बरोबर आहे. आणि रेकॉर्डिंगचं... ते मला माहीत नव्हतं. ते चूक झालं. पण रात्रभर माणूस बसवायचा खर्च कुणी द्यायचा, हे मध्यमलहर यांनी अजून सांगितलेलं नाही.

मध्यमलहर
रोज नको. पावसाळ्यातले चार महिने एक माणूस बसवा. म्हसवडचं माणदेशी तरंग हे रेडिओ केंद्र एवढ्याशा ताकदीच्या सामुदायिक परवान्यावर गावाशी बोलतं, मग तीस शहरांच्या मालकाला एक माणूस जड आहे?

हिशेबनीस
सामुदायिक रेडिओचं गणित वेगळं आहे, त्याची तुलना करू नका. पण चार महिन्यांचं मी मालकाच्या जागी असतो तर मान्य केलं असतं.

तारसप्तक
आणि त्या चार महिन्यांत गाणी कुठली लावणार?

रात्रपाळी
मध्यमलहर, तो पुरातला मुलगा कुठल्या वेळेला होता? साधारण बारा ते सहा का?

मध्यमलहर
हो. का?

रात्रपाळी
आमच्याच बॅचचा असावा. त्याचंही रेकॉर्डिंग राहिलेलं नाही. तुम्ही कुणी मोबाइलवर टिपलं असेल तर जपून ठेवा.