पाळणाघरातले रडणे थांबले, पण मुलगी गप्प झाली आहे. हे रुळणे समजावे का?

आमची मुलगी १७ महिन्यांची आहे आणि गेल्या तीन आठवड्यांपासून पाळणाघरात जाते. सकाळी तिला सोडण्याचे काम माझ्याकडे आणि संध्याकाळी आणण्याचे पत्नीकडे आहे. दिवसभर घरी थांबू शकेल असे दुसरे कोणी नसल्यामुळे पाळणाघर असावे की नसावे, हा आमचा प्रश्न नाही. तो निर्णय आम्ही पुरेसा विचार करून घेतला आहे. प्रश्न तिच्या गप्प होण्याचा आहे, आणि ज्यांची मुले यातून गेली आहेत किंवा ज्यांचा या वयाच्या मुलांशी रोजचा संबंध आहे, त्यांच्याकडून मला मार्गदर्शन हवे आहे.

पहिल्या आठवड्यात ती दारातच रडू लागे, माझी कॉलर घट्ट धरून ठेवी आणि मावशींनी घ्यायला हात पुढे केले की अंग मागे टाकून देई. ते पाहणे जड गेले, पण अनपेक्षित नव्हते. डोळ्यांआड गेलेले माणूस कुठेतरी असते, एवढे मुलांना साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास समजू लागते. ते परत कधी येणार, हे मात्र समजत नाही. त्यामुळे ताटातुटीची भीती सहसा १० ते १८ महिन्यांच्या दरम्यान सर्वांत तीव्र असते, हे आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. रडणे म्हणजे तिची आमच्याविषयीची ओढच आहे, असे आम्ही एकमेकांना समजावत राहिलो.

दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली. ती ठोकळ्यांमध्ये रमली की तुम्ही हळूच निघून जा, म्हणजे ती रडणारच नाही, असे मावशींनी सुचवले आणि मी दोन दिवस तसे केले. सकाळ शांततेत गेली खरी, परंतु संध्याकाळी मी पाणी आणायला उठलो तरी ती हातातले खेळणे टाकून मागोमाग येऊ लागली, आणि रात्री दोन-तीनदा जागी होऊन आम्ही दोघे शेजारी आहोत ना, हे हाताने चाचपून पाहू लागली. मी केव्हाही नाहीसा होऊ शकतो, हे तिला मीच शिकवले होते. त्याचे मला अजून वाईट वाटते. आता मी रोज सांगून, हात हलवून निघतो, मग ती कितीही रडली तरी.

या तिसऱ्या आठवड्यात मात्र ती रडेनाशी झाली आहे. पाळणाघरात सर्वांचे म्हणणे आहे की मुलगी रुळली. मंगळवारी मी निघाल्यासारखे करून दहा मिनिटे काचेच्या दाराबाहेर थांबलो. ती आपली छोटी पिशवी मांडीवर धरून भिंतीला टेकून बसली होती; समोर चेंडू घरंगळत आला, तिने तो पाहिला, पण हात पुढे केला नाही. संध्याकाळी आई दिसल्यावर ती धावत येत नाही. क्षणभर पाहते, मान फिरवते आणि घरी पोहोचल्यावर अर्धा तास रडते. पूर्वी तिचे रडणे ऐकून मला त्रास होत असे. आता तिच्या शांततेने त्याहून अधिक होतो.

१९५० च्या सुमारास जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या ब्रिटिश संशोधकांनी आई-वडिलांवाचून रुग्णालयात राहाव्या लागलेल्या लहान मुलांच्या वागण्यात तीन टप्पे नोंदवले होते: आधी विरोध, मग निराशा आणि शेवटी अलिप्तता. मूल शांत झाले म्हणजे सावरले, असा तेथील कर्मचाऱ्यांचा समज होत असे. ती मुले कित्येक दिवस-रात्री घरापासून दूर होती आणि आमची मुलगी रोज संध्याकाळी घरी येते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकसारख्या नाहीत, हे मला कळते. अमेरिकेत १९९१ साली सुरू झालेल्या, १,३०० हून अधिक मुलांच्या दीर्घ अभ्यासातही केवळ पाळणाघरात गेल्यामुळे आईशी असलेले नाते कमकुवत होते, असे आढळले नाही. हा आधार मोठा आहे; पण माझ्या मुलीचे गप्प बसणे नेमके कशाचे लक्षण आहे, हे मला त्यातून कळत नाही.

एक गोष्ट मला विशेष खटकते. पहिल्या आठवड्यात ज्या मावशींजवळ ती थोडी शांत होत असे, त्यांना दुसऱ्या आठवड्यात मोठ्या मुलांच्या गटात पाठवण्यात आले. जर्मनीतील अनेक पाळणाघरांत रुळवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात पहिले तीन दिवस पालक मुलासोबत खोलीतच थांबतात, थोडा वेळ दूर जाण्याचा पहिला प्रयत्न चौथ्या दिवशी होतो, आणि मूल एका ठरावीक सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून शांत होऊ लागले की मगच वेळ वाढवतात. आमच्याकडे घाई झाली आणि ती व्यक्तीही बदलली. गप्प होण्याचे मूळ येथेच असावे, असा माझा अंदाज आहे, परंतु तो चुकीचाही असू शकेल.

आपल्या मुलांच्या बाबतीत अशी शांतता किती दिवस टिकली आणि ते खरोखर रुळत आहेत, हे आपण कशावरून ओळखले? खाणे, झोप, खेळण्याला हात लावणे, दुखल्यावर मावशींकडे जाणे, यांपैकी कोणत्या गोष्टीवर अधिक विसंबावे? पहिल्या मावशींनाच काही काळ तिच्याजवळ ठेवा, अशी विनंती आपल्यापैकी कोणी केली आहे का आणि ती कशी मांडली? त्यांचा अपमान न होता आमची काळजी पोहोचावी, एवढीच इच्छा आहे. पाळणाघरात काम करणाऱ्यांनी त्यांच्या बाजूने काय शक्य असते, तेही अवश्य सांगावे.

पत्नीला पुढचे तीन आठवडे अर्धवेळ काम करण्याची मुभा मिळू शकते, मात्र तसे तिला येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे. हा वेळ घेऊन मुलीला पुन्हा पहिल्या दिवसासारखे, अर्ध्या-अर्ध्या तासाने रुळवावे, की मध्येच क्रम बदलल्याने ती अधिक गोंधळेल, हे आम्हाला ठरवता येत नाही. आणखी काही माहिती हवी असल्यास विचारावे, मी रोज रात्री उत्तर देईन.